वासराचा वाटा आधी

वसुबारसेला पूजा होते ती सवत्स धेनूची, म्हणजे वासरासह गाईची. नुसत्या गाईची पूजा त्या दिवशी पुरी होत नाही. आश्विन वद्य द्वादशीच्या संध्याकाळी दोघांच्या पायांवर पाणी घालावे, हळदकुंकू वाहावे, नैवेद्य भरवावा आणि घरात बाजरीची भाकरी व गवारीची भाजी असावी, अशी आपल्याकडची रीत आहे. अनेक घरांत त्या दिवशी दूधतूप खात नाहीत. का, असे विचारले तर एक साधे उत्तर मिळते: आजचे दूध वासराचे.

आता हेच ताट घेऊन शहरालगतच्या एखाद्या मोठ्या गोठ्यात जाऊन पाहा. दुभत्या जनावरांची रांग दिसते, गव्हाणी भरलेल्या असतात, कॅन धुऊन ठेवलेले असतात. वासरू कोठे, असे विचारले की पुष्कळदा उत्तर लवकर येत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटी २५ लाख गोवंश मोजला गेला. त्यांपैकी १४ कोटी ५१ लाख माद्या होत्या. जन्माला येताना नर आणि मादी जवळजवळ सारख्याच संख्येने येतात. मग उरलेले नर कोठे गेले? त्यातले किती उपाशी राहिले आणि किती विकले गेले, हे ही गणना सांगत नाही. पण ते जगले नाहीत, एवढे त्या आकड्यांतून स्पष्ट दिसते.

आपल्यापैकी काहींच्या घरी गाय किंवा म्हैस आहे, काही जण गोशाळेत सेवा देतात आणि बहुतेक जण दूध विकत घेतात. हा पाठ मुख्यतः पहिल्या दोघांसाठी आहे. तिसऱ्यांनी तो आपल्या दुधाची हकिकत म्हणून वाचावा. वासराची काळजी ते जन्मल्यावर सुरू होत नाही. ज्या दिवशी आपण गाय भरवतो, त्याच दिवशी ते कोणत्या ऋतूत डोळे उघडणार आणि त्याच्या तोंडी किती दूध जाणार, हे पुष्कळसे ठरून जाते.

वीण कोणत्या ऋतूत यावी

गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा आणि म्हशीचा ३१० दिवसांचा असतो. दोन-चार दिवस पुढेमागे होतात. हे दोन आकडे आणि भिंतीवरचे कॅलेंडर एवढ्यावर ऋतू निवडता येतो. १५ जानेवारीला भरवलेली गाय २२ ऑक्टोबरच्या आसपास विते. पाऊस सरलेला असतो, जमीन वाळत असते, बांधावर हिरवे गवत असते, माश्या आणि गोचीड हळूहळू कमी होऊ लागतात. काही वर्षी तर गोठ्यात वसुबारसेची पूजा असते आणि वासरू खरोखर थोड्याच दिवसांचे असते.

महाराष्ट्राच्या बहुतेक भागांसाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ विण्यासाठी चांगला आहे. टाळायचे आहेत ते दोन काळ. एक म्हणजे एप्रिल-मेचा कडक उन्हाळा. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा गाभण गाईच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिला वैरण गोड लागत नाही, वासरू वजनाने लहान जन्मते, चीकही हलका उतरतो. दुसरा काळ म्हणजे भर पावसाळा. ओली जमीन, सतत दमट हवा, चिखलात लडबडलेली कास. अशा गोठ्यात हगवण आणि न्यूमोनिया हे दोन आजार लहान वासरांना सहज गाठतात. जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांत गाय भरवली नाही, तर एप्रिल ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतची वीण आपोआप टळते. एवढे जरी पाळले तरी पुष्कळ झाले.

आता खरी अडचण येते ती पैशाची. विल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी गाईचे दूध सर्वांत जास्त असते. ऑक्टोबरात व्यालेली गाय डिसेंबरात भरभरून दूध देते, आणि नेमके तेव्हाच सगळीकडे दूध मुबलक असल्याने दर नरम असतात. उन्हाळ्यात दूध कमी होते आणि भाव चढतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चात वीण यावी, म्हणजे मेमध्ये दूध भरपूर मिळेल, असा हिशेब काही जण मांडतात. हा हिशेब खोटा नाही. पण त्यात वासराच्या नावाचा रकाना नसतो. दोन महिन्यांचे वासरू मेमधल्या पत्र्याच्या गोठ्यात धापा टाकत असते, आणि पाण्याची टंचाई असलेल्या गावात त्याची बादली सर्वांत शेवटी भरते. फेब्रुवारीतली वीण करायचीच असेल, तर गोठ्यावर गवताचे छप्पर, दुपारची सावली आणि वासरासाठी वेगळे स्वच्छ पाणी यांचा खर्च त्याच वहीत लिहावा. मग दोन्ही ऋतूंचा नफा समोरासमोर ठेवून बघावा. फरक वाटतो तेवढा राहत नाही.

दर वर्षी एक वीत मिळवायचे असेल, तर गाय विल्यापासून सुमारे ८५ दिवसांच्या आत पुन्हा गाभण राहायला हवी. ८५ आणि २८० मिळून ३६५. विल्यानंतरचे पहिले दोन महिने तिला पूर्ण विश्रांती द्यावी. पुढे माज दर २१ दिवसांनी येतो. सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. एक माज हुकला की वीण तीन आठवडे पुढे सरकते, दोन हुकले की सहा. माज हुकण्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे कोणी नीट बघितलेलेच नसते. पहाटे आणि रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे गोठ्यात शांत उभे राहा. हंबरणे, दुसऱ्या जनावरावर उडी घेणे, शेपटी बाजूला धरणे, काचेसारखा चिकट स्राव ही लक्षणे तेव्हाच दिसतात. जप करायचा असेल तर तोही तेथेच करता येतो. गाईला त्याची अडचण नसते.

वेळापत्रक चुकले म्हणून गाय सहा-सहा महिने मोकळी ठेवणे मात्र मला पटत नाही. भाकड गाईचा खर्च वाढतो, आणि तो भार शेवटी तिलाच विकून हलका केला जातो. वीण डिसेंबर-जानेवारीत गेली तर जाऊ द्या, थंडीची तयारी करा. पुढच्या वेताला पुन्हा गाठता येते.

म्हशीचे गणित वेगळे आहे. दिवस लहान होऊ लागले की म्हैस माजावर येते. तिचा माज बहुधा रात्री आणि मुका असतो. सप्टेंबर ते फेब्रुवारी या काळात ती गाभण राहते, म्हणजे जुलै ते डिसेंबरात विते. ३१० दिवसांच्या गाभणकाळामुळे दर वर्षी त्याच महिन्यात वीत आणणे तिला कठीण जाते. तेरा-चौदा महिन्यांचे अंतर पडले तर तिला दोष देऊ नये. १ डिसेंबरला भरवलेली म्हैस ७ ऑक्टोबरच्या सुमारास विते. पण सप्टेंबरात भरवलेली भर पावसात विणार, आणि कोकणात किंवा कोल्हापूरच्या पश्चिमेला पाऊस म्हणजे पाऊस असतो. तेथे ऋतू बदलता आला नाही तर जमीन बदलावी लागते: उंचवटा, उतार, आणि भाताचा पेंढा किंवा उसाचे पाचट रोज बदललेले.

आपले मराठी बंधू-भगिनी देशभर आहेत, म्हणून एक खुलासा. वरचे महिने सर्वत्र जसेच्या तसे लागू होत नाहीत. तंजावरकडे ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो, तेथे जानेवारी-फेब्रुवारीची वीण अधिक सुखाची. ग्वाल्हेर किंवा दिल्लीकडे डिसेंबर-जानेवारीची रात्र वासराला सोसत नाही, तेथे ऑक्टोबरचा आरंभ किंवा फेब्रुवारीचा शेवट बरा. महिन्यांची नावे पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: वासराच्या पहिल्या साठ दिवसांत माझ्या गावात जमीन कोरडी, हवा सौम्य आणि आईच्या तोंडी हिरवे असेल ना?

विण्यापूर्वी दोन महिने आणि विण्याची रात्र

गाभण गाय विण्यापूर्वी ६० दिवस आटवावी. या दोन महिन्यांतच पोटातले वासरू सर्वांत जास्त वाढते आणि कास नव्या वेतासाठी तयार होते. शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढत राहणाऱ्याला पुढच्या वेतात कमी दूध आणि दुबळे वासरू मिळते. आटवताना पशुवैद्यकांना विचारून सडांत औषध सोडावे, म्हणजे कासदाह टळतो.

विणे जवळ आले की कास भरते, सड ताठ होतात, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खड्डे पडतात. अशा वेळी तिला गर्दीतून काढून वेगळ्या, कोरड्या, मऊ बिछायतीच्या जागी मोकळे ठेवावे. दावे आखूड नको. बघ्यांची गर्दी नको, मोबाइलचा उजेड नको. पाण्याची पिशवी फुटल्यावर पुढचे दोन पाय आणि त्यांवर टेकलेले नाक दिसले, तर सगळे ठीक चालले आहे असे समजावे. पिशवी फुटून तासभर झाला आणि काहीच पुढे सरकत नसेल, एकच पाय दिसत असेल, किंवा शेपूट आधी दिसत असेल, तर डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुचिकित्सा वाहनासाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. चार माणसांनी दोर लावून वासरू ओढण्याचे प्रकार अजून होतात. त्यात वासराचे सांधे निखळतात आणि आईला आतून जखम होते. हा अडाणीपणा घाईतून येतो, क्रूरपणातून नव्हे. पण सोसावा लागतो तो त्या दोघांनाच.

वासरू बाहेर आले की नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढा. श्वास घेत नसेल तर नाकपुडीत गवताची काडी फिरवा, छाती कोरड्या गोणपाटाने जोराने चोळा, त्याला पोटावर बसते करा. मग आईसमोर ठेवा. तिच्या चाटण्याने अंग कोरडे होते, रक्त खेळते आणि दोघांची ओळख पटते. नाळ शरीरापासून दोन-अडीच इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून त्याखाली निर्जंतुक कात्रीने कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा. पुढचे दोन-तीन दिवस पुन्हा लावा. नाळ म्हणजे वासराच्या पोटात जाणारे उघडे दार असते. शेणामातीतून जंतू आत गेले की आधी बेंबी सुजते, मग गुडघे, आणि वासरू उठेनासे होते. पाच रुपयांच्या औषधाने टळणारे हे मरण आहे.

आईलाही विसरू नका. कोमट पाणी, थोडा गूळ, पातळ आंबोण द्या. वार बहुधा बारा तासांच्या आत पडते. नाही पडली तर तिला दगड बांधू नका, ओढू नका, डॉक्टरांना कळवा. जास्त दुधाची गाय विल्यावर दोन-तीन दिवसांत थरथरू लागली, कान गार पडले, मान पोटाकडे वळवून बसली, तर रक्तातले कॅल्शियम उतरले आहे असे समजा. त्यात तासांना महत्त्व असते.

चीक आणि खरवस

आता या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातून, वारेतून रोगप्रतिकाराची थोडी शिदोरी मिळते. गाई-म्हशीच्या वासराला ती मिळत नाही. त्यांच्या वारेची रचनाच तशी आहे. ते रिकाम्या हातांनी जन्मते. त्याची सगळी शिदोरी आईच्या पहिल्या दुधात, म्हणजे चिकात असते. आणि ती घेण्याची ताकद वासराच्या आतड्यात फक्त थोडा वेळ असते. जन्मानंतर तासागणिक ती कमी होते आणि सुमारे चोवीस तासांनी बंद होते. नंतर बादलीभर चीक पाजला तरी तो केवळ अन्न म्हणून पचतो, संरक्षण म्हणून रक्तात जात नाही.

म्हणून पहिल्या तासातच चीक. वार पडण्याची वाट बघायची नाही. ही वाट बघण्याची रीत कित्येक गावांत आहे, आणि तिच्यामुळे मोलाचे तास जातात. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पहिल्या दिवसात पोटात जायला हवा. २५ किलोच्या वासराला अडीच लिटर, त्यातला निम्मा पहिल्या काही तासांत. वासरू उभे राहून लुचत असेल तर त्याला आधार द्या, सड तोंडात द्या. अशक्त असेल तर स्वच्छ हातांनी पिळून बाटलीने पाजा. मान फार वर उचलू नका, नळीने ओतू नका, नाहीतर चीक फुप्फुसात जातो.

मग खरवसाचे काय? मला खरवस आवडतो. लहानपणी आमच्या शेजारी म्हैस व्याली की वाटीभर चीक घरी यायचा, आणि आई तो गूळ-वेलची घालून उकडायची. पारडाने किती प्यायला, हे त्या वाटीबरोबर कधी कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. जास्त दुधाच्या गाईला पहिल्या दोन-तीन दिवसांत वासराच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त चीक येतो. त्यातला उरलेला खाण्यात काही पाप नाही. पण क्रम बदलता कामा नये. पहिल्या धारेचा, सर्वांत दाट चीक वासराचा. दुसरा वाटा गोठ्यातल्या पुढच्या अनाथ वासराचा: एक लिटरच्या स्वच्छ बाटलीत भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. एखादी गाय विताना दगावली तर तो उपयोगी पडतो. वितळवताना बाटली कोमट पाण्यात धरा, चुलीवर ठेवू नका. जास्त उष्णतेने त्यातली संरक्षक द्रव्ये नष्ट होतात. त्यानंतर जे उरेल ते खरवसाला.

गोशाळांना एक विनंती. तुमच्याकडे असा साठा असेल तर आजूबाजूच्या शेतकऱ्यांना तो सांगून ठेवा. रात्री दोन वाजता एक बाटली चीक मागायला आलेला माणूस हा मोठाच अतिथी आहे.

पहिले तीन महिने

देशी गाय आणि म्हैस वासराशिवाय पान्हा सोडत नाही. गीर असो, देवणी असो वा पंढरपुरी म्हैस, वासराने चार ढुशा मारल्या की कास मोकळी होते. ही निसर्गाने वासराच्या हाती दिलेली किल्ली आहे. माणसाने ती काढून घेण्याचे मार्ग शोधले. मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून आईसमोर ठेवणे हा जुना मार्ग, ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन हा नवा. दूध वाढवण्यासाठी जनावराला अपाय होईल असे इंजेक्शन देणे किंवा फुंका घालणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. वासरू जिवंत आणि तृप्त ठेवणे हा याहून सोपा उपाय आहे, पण त्याची किंमत दुधात द्यावी लागते.

किंमत किती, तेही मोजून पाहू. पहिल्या महिन्यात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध रोज, दुसऱ्यात पंधराव्या आणि तिसऱ्यात विसाव्या हिश्श्याइतके, असा सर्वसाधारण नियम आहे. २५ किलोचे वासरू पहिल्या महिन्यात रोज अडीच लिटर पिते. पुढे वजन वाढते आणि हिस्सा घटतो, म्हणून रोजचे दूध सव्वादोन लिटरच्या आसपास राहते. तीन महिन्यांत सुमारे दोनशे लिटर. आपल्या गावच्या दराने याला गुणा. जो आकडा येईल तो वासराचा वाटा. गाय भरवण्याआधीच हा आकडा वहीत लिहिलेला असेल, तर नंतर रोज सकाळी वासराला ओढून बांधताना मनाशी झगडावे लागत नाही.

अनेक घरांत एक सड वासरासाठी सोडण्याची रीत आहे. रीत चांगली, पण पुरेशी आहे की नाही ते वासराला बघून ठरवा. कमी दुधाच्या गाईचा एक सड वासराला पुरत नाही. तराजू नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागे छातीचा घेर इंचांत मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० केले की अंदाजे किलो मिळतात. दर आठवड्याला त्याच वारी मोजा. वजन हलले नाही, तर वाटा कमी पडतो आहे.

संकरित गाईंच्या गोठ्यात वासराला वेगळे करून बादलीने पाजतात. ते करायचेच असेल तर निदान माणुसकीने करावे. आधी आईला चाटू द्यावे. दूध अंगाच्या उष्णतेइतके कोमट असावे, वेळ ठरलेली असावी, भांडे प्रत्येक वेळी घासलेले असावे. दुधात बुडवलेले बोट चोखायला दिले की वासरू एक-दोन दिवसांत बादलीतून प्यायला शिकते. आणि त्याला एकटे ठेवू नका. दुसऱ्या वासराचा सहवास मिळाला की ते लवकर खायला शिकते आणि कमी बावरते.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक आणि कोवळे वाळलेले गवत तोंडाशी ठेवा. तीन महिन्यांत त्याचे चौथे पोट नव्हे, तर पहिले मोठे पोट कामाला लागते, आणि ते चारा-खुराकानेच तयार होते. स्वच्छ पाणी पहिल्या आठवड्यापासून. दूध पिते म्हणून पाणी नको, ही समजूत चुकीची आहे.

जंतांचे औषध दहाव्या दिवसाच्या सुमारास, मग सहा महिने दर महिन्याला, वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांना विचारून. म्हशीच्या पारडांसाठी तर हे चुकवूच नये, कारण त्यांचा एक मोठा गोल जंत आईच्या दुधातूनच पोटात जातो. पोट मोठे, केस राठ, शेण पांढुरके आणि दुर्गंधीचे, असे पारडू दिसले की समजावे उशीर झाला आहे. हगवण लागली तर दूध बंद करू नका. दुधाच्या वेळांच्या मधे क्षार-संजीवनीचे पाणी द्या. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले किंवा बोट चोखेनासे झाले, तर घरगुती उपायांची वेळ संपली. लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात. सांसर्गिक गर्भपाताची लस कालवडी-पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच. २०१९ पासून या दोन्ही लसी राष्ट्रीय कार्यक्रमात विनामूल्य मिळतात. शिंगांचे कोंब जाळायचे असतील तर ते पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच आणि जागा बधिर करूनच. बधिर न करता करणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

एक छोटी परीक्षा सांगतो. दुपारी गोठ्यात जाऊन वासराच्या नाकाच्या उंचीवर, म्हणजे उकिडवे बसा, आणि पाच मिनिटे तेथेच श्वास घ्या. डोळे चुरचुरले, मुताचा उग्र वास नाकात चढला, तर वासरू तोच वास दिवसरात्र घेते आहे. उभ्याने गोठा कधीच घाण वाटत नाही.

गोऱ्हा झाला तर

येथे आपण स्वतःशी प्रामाणिक राहिले पाहिजे. खिल्लार, डांगी, देवणी यांचा गोऱ्हा अजून शेतीत लागतो, विकला जातो, त्याला किंमत आहे. संकरित गोऱ्ह्याला आणि म्हशीच्या रेडकाला ती नाही. त्याला मुद्दाम कोणी मारत नाही. त्याला चीक थोडा कमी मिळतो, दूध थोडे कमी मिळते, हगवण झाली तर डॉक्टर बोलावला जात नाही, आणि एक दिवस ते गोठ्याच्या कोपऱ्यात निपचित सापडते. घरातले म्हणतात, नशीब त्याचे. त्यात नशिबाचा भाग फार थोडा असतो.

गाय भरवताना नर झाला तर काय, याचे उत्तर तयार ठेवा. कालवडच होण्याची शक्यता सुमारे ९० टक्के असते अशा निवडलेल्या रेतमात्रा आता मिळतात. ज्याला गोऱ्हा सांभाळणे शक्य नाही, त्याने निदान त्या वापराव्यात. तरी दहांत एक नर होईलच. त्याला पूर्ण चीक आणि तीन महिन्यांचे दूध हा त्याचा हक्क समजा. त्यानंतर गावातील पाच-सहा घरांनी मिळून नरांचा एक सामाईक कळप, सामाईक चराई, आणि त्यांच्या शेणाचे खत किंवा गोबरगॅस अशी व्यवस्था करता येते. एकट्याला जड जाते ते सहा घरांना तेवढे जात नाही. गोशाळेत सोडायचे असेल तर रात्री दाराला बांधून पळू नका. आधी जाऊन बोला, जागा आहे का विचारा, आणि त्याच्या चाऱ्यासाठी दर महिन्याला काय देणार ते सांगा.

दूध विकत घेणाऱ्यांनो, तुमचाही यात भाग आहे. गवळ्याला भाव कमी करायला सांगण्याआधी एकदा विचारा, यंदाची वासरे किती आणि ती कोठे बांधली आहेत. जमले तर जाऊन बघा, मुलांना न्या. वासरू पाजून उरलेले दूध विकणारा माणूस लिटरमागे चार रुपये जास्त मागत असेल, तर ते त्या दोनशे लिटरांचे आहेत. ते द्या.

आणि ज्यांच्या घरी गाय आहे त्यांनी यंदाच्या वसुबारसेला पूजेचे ताट उचलून ठेवले की गोठ्याच्या दारामागे पुढच्या वर्षाचे कॅलेंडर टांगावे. व्यालेल्या गाईच्या तारखेपुढे ६० दिवसांवर एक खूण आणि ८५ दिवसांवर दुसरी. या दोन खुणांच्या मधल्या पहाटे गोठ्यात कोण उभे राहणार, त्याचे नावही त्याच पानावर लिहून ठेवावे.